पदवी अर्धवट सोडून विलायतेला गेलेला पापळचा मुलगा: डॉ. पंजाबराव देशमुख

दर वर्षी जून-जुलै आला की आमच्याकडे पालक येतात आणि तोच प्रश्न विचारतात. मुलगी इथं बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत, आता तिला अलिगडला नाहीतर दिल्लीला जायचं आहे. एक वर्ष झालं ते वाया जाणार का? मध्येच कॉलेज बदलता येतं का? खर्च कुठून आणायचा? आणि सगळ्यात शेवटी, थोडं दबक्या आवाजात, आपल्यासारख्यांच्या लेकरांना तिथं घेतात का?

या प्रश्नांची उत्तरं आम्ही शिक्षक आपापल्या परीनं देतोच. पण अमरावती-अकोल्याच्या माणसाला उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. ज्यांच्या नावानं अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत मेडिकल कॉलेज आहे, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं तरुणपण म्हणजे याच प्रश्नांची गोष्ट आहे. शाळेत आपण त्यांना कृषिमंत्री आणि शिक्षणमहर्षी म्हणून शिकवतो. ते खरंच आहे. पण हातातलं कॉलेज अर्धवट सोडून, नव्या देशात, नव्या विद्यापीठाच्या दारात उभा राहिलेला विशी-बाविशीतला पोरगा आपण मुलांना सांगत नाही. आज तोच सांगायचा आहे.

वऱ्हाडात कॉलेजच नव्हतं

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898 चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते, म्हणून मुलगा चांदूर रेल्वेला गेला, मग कारंजा लाडला, आणि शेवटी अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये. म्हणजे मॅट्रिक होईपर्यंतच त्यांनी चार ठिकाणच्या शाळा पाहिल्या. आज आपल्या पोराची एक शाळा बदलली तर आपण काळजीत पडतो.

मॅट्रिकनंतर पुढं काय? इथं एक गोष्ट आजच्या मुलांना सांगावी लागते, कारण त्यांना ती खरी वाटत नाही. त्या वेळी अख्ख्या वऱ्हाडात एकही कॉलेज नव्हतं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, जे पुढं विदर्भ महाविद्यालय झालं, ते 1923 साली निघालं. नागपूर विद्यापीठही 1923 चंच. शिकायचं तर नागपूरला मॉरिस किंवा हिस्लॉप कॉलेज, नाहीतर थेट पुणे-मुंबई. पंजाबरावांनी पुणे धरलं आणि फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं.

फर्ग्युसन म्हणजे तेव्हाही मोठं नाव. 1885 पासून चाललेलं, नामांकित प्राध्यापक असलेलं कॉलेज. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा मुलगा तिथं पोहोचला हेच पुष्कळ होतं. घरच्यांनी समाधान मानलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. बी.ए. होऊन गावी परत, एखादी सरकारी नोकरी, जमलं तर वकिली. पण 1920 साली, पदवी हातात यायच्या आधीच, पंजाबरावांनी फर्ग्युसन सोडलं आणि इंग्लंडचा रस्ता धरला.

1920 हे वर्षच तसं होतं. त्याच वर्षी अलिगडचं एम.ए.ओ. कॉलेज मुस्लिम युनिव्हर्सिटी झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथले काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले आणि जामिया मिल्लिया इस्लामियाची सुरुवात झाली. त्या बाहेर पडलेल्यांत झाकिर हुसेन नावाचा तरुण होता, जो पुढं राष्ट्रपती झाला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून परतावं लागलं होतं. त्यांनी विद्यापीठाकडून राहिलेलं शिक्षण पुढं चालू ठेवायची परवानगी घेऊन ठेवली होती, म्हणून दार उघडं राहिलं. म्हणजे मध्येच सोडणं, बदलणं, परत जाणं, यात कमीपणा नाही. कशासाठी सोडतो आणि कुठं जातो, हे ठरलेलं असलं म्हणजे झालं.

बापानं जमीन गहाण टाकली

विलायतेला जायचं म्हणजे पैसा. पंजाबरावांच्या वडिलांनी त्यासाठी जमीन गहाण टाकली, ही गोष्ट वऱ्हाडात जुनी माणसं आजही सांगतात. कोरडवाहू कापसाच्या भागात जमीन गहाण टाकणं म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. पाऊस हुकला, भाव पडला, की जमीन सावकाराची. शामरावांनी हा धोका मुलाच्या पुस्तकांसाठी पत्करला.

आम्ही ही गोष्ट पालकांना सांगतो तेव्हा जपून सांगतो. घर गहाण टाका, शेत विका, असा तिचा अर्थ नाही. कर्जानं घरं उद्ध्वस्त झालेली आपण आपल्या मोहल्ल्यातही पाहिली आहेत. तिचा अर्थ एवढाच की लग्नाच्या मांडवासाठी जो बाप कर्ज काढायला मागंपुढं पाहत नाही, त्यानं तालीमसाठी किती मन घट्ट करायचं याचाही कधी हिशोब मांडावा. आणि मुलानं ते ओझं ओळखावं. पंजाबरावांनी ते ओळखलं होतं, हे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसतं. त्याबद्दल पुढं येईलच.

दार कसं उघडलं

पहिलं महायुद्ध 1918 ला संपलं आणि इंग्लंडची विद्यापीठं युद्धावरून परतलेल्या तरुणांनी भरून गेली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत हिंदुस्थानी मुलांच्या वाट्याला जागा फार थोड्या यायच्या. या मुलांच्या अडचणी इतक्या वाढल्या की सरकारला चौकशीसाठी लिटन कमिटी नेमावी लागली. तिचा अहवाल 1922 साली आला. अशा दिवसांत पापळचा मुलगा तिथं पोहोचला.

पंजाबरावांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठात प्रवेश मिळवला. तिथं हिंदुस्थानी विद्यार्थ्यांची जुनी वहिवाट होती. एडिंबरो इंडियन असोसिएशन ही त्यांची संघटना 1883 पासून होती. शिवाय स्कॉटलंडची पद्धत इंग्लंडहून वेगळी. तिथं एम.ए. ही कला शाखेची पहिलीच पदवी असते, आपल्यासारखी बी.ए. नंतरची नाही. त्यामुळं बी.ए. न झालेल्या मुलालाही तिथं सरळ एम.ए. ऑनर्सला बसता येत होतं. पुण्यात जे अर्धं राहिलं होतं ते एडिंबरोत पूर्ण झालं, आणि पदवी मिळाली ती एम.ए.

आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. मोठ्या नावाच्या मागं धावण्याआधी प्रत्येक विद्यापीठाचे नियम वाचा. एका ठिकाणी जे वर्ष वाया जातं ते दुसऱ्या ठिकाणी धरलं जातं. एका ठिकाणी जी अट आडवी येते ती दुसरीकडं असतच नाही. हुशारी लागतेच, पण त्याबरोबर नियम माहीत असणं लागतं, आणि आपली पुष्कळ मुलं हुशारीत नाही, माहितीत मागं पडतात.

विषय कुणाच्या मालकीचा नसतो

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. एडिंबरोत पंजाबरावांनी विषय घेतला संस्कृत. त्या काळात वेद आणि संस्कृत हा एका वर्गाचा वारसा समजला जाई. शेतकऱ्याच्या, कुणब्या-मराठ्याच्या मुलानं त्यात शिरावं हे अनेकांना रुचणारं नव्हतं. आणि हा पोरगा सातासमुद्रापार जाऊन नेमका तोच विषय शिकला. तेव्हा एडिंबरोच्या संस्कृतच्या अध्यासनावर आर्थर बेरिडेल कीथ होते. वैदिक अभ्यासात त्यांचं नाव जगभर होतं. संस्कृतसाठी असलेली व्हान्स डनलॉप शिष्यवृत्तीही पंजाबरावांना मिळाली. बापाच्या गहाण जमिनीवरचं ओझं तेवढं हलकं झालं असणार.

यात आपल्या घरांसाठी मोठा धडा आहे. उर्दू माध्यमातली मुलगी मराठी साहित्यात एम.ए. करते म्हटलं की लोक भुवया उंचावतात. कुणी संस्कृत घेतलं, कुणी इतिहास घेतला, कुणी वकिली घेतली, की हे आपलं क्षेत्र नाही असं घरातलंच कुणीतरी म्हणतं. बाहेरच्यांनी लावलेलं कुलूप दिसतं तरी. आतून लावलेली कडी दिसत नाही. इल्म ज्यानं मेहनत केली त्याचा असतो. पंजाबरावांनी आपल्या दारावरची अशी कडी स्वतः काढली.

एडिंबरोहून ऑक्सफर्ड

एडिंबरोची पदवी घेऊन ते थांबले नाहीत. त्यांनी ऑक्सफर्डला संशोधन केलं आणि डी.फिल. मिळवली. हेही कसं जमलं ते पाहण्यासारखं आहे. ऑक्सफर्डनं डी.फिल. ही संशोधनाची पदवी 1917 साली सुरू केली. ब्रिटनमध्ये अशी पदवी त्याआधी नव्हतीच. तोवर दुसऱ्या देशांतले हुशार पदवीधर डॉक्टरेटसाठी जर्मनीला जात. आपल्याकडचे अल्लामा इक्बाल याचंच उदाहरण. 1905 साली ते केंब्रिजला गेले, पण डॉक्टरेट त्यांनी म्युनिकहून घेतली. नवी पदवी निघाली आणि दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांसाठी ऑक्सफर्डची एक वेगळी वाट उघडली. जिथं कोवळ्या वयात पुढच्या दारानं शिरणं कठीण होतं, तिथं पंजाबराव संशोधक म्हणून शिरले.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. पुढं 1933 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं तो ग्रंथ म्हणून छापला. याच काळात ते बॅरिस्टरही झाले. तेव्हा बॅरिस्टर होणाऱ्या मुलाला ठरावीक सत्रांत लंडनच्या आपल्या इनमध्ये भोजनाला हजर राहून सत्रं भरावी लागत आणि परीक्षा द्यावी लागे. त्यामुळं विद्यापीठ आणि बॅरिस्टरी दोन्ही बरोबर चालवणारे हिंदुस्थानी पुष्कळ होते. खर्च तोच, मुक्काम तोच, पदव्या दोन. गहाण जमिनीच्या पैशावर गेलेल्या मुलाला हा हिशोब बरोबर कळला होता.

परत आले आणि काय केलं

साधारण सहा वर्षांनी पंजाबराव परतले. ऑक्सफर्डचा डॉक्टर, बॅरिस्टर. मुंबईत किंवा नागपुरात वकिली थाटली असती तर कमी पडलं नसतं. ते अमरावतीला आले. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. खेड्यातून आलेल्या सगळ्या जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावं, एका पंगतीत जेवावं आणि शिकावं, हा त्यामागचा विचार. ज्याला स्वतः चौथी-पाचवीसाठी गाव सोडावं लागलं त्यालाच वसतिगृहाची किंमत कळते.

1927 साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला, तेव्हा ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या बाजूनं उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं. पुढं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सगळ्यांसाठी खुल्या केल्या.

1930 साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती ही खाती त्यांच्याकडं होती. 1933 साली प्रांतात कर्ज लवाद कायदा आला. सावकार आणि शेतकरी यांना मंडळासमोर बसवून कर्जाची तडजोड करायची, म्हणजे जमीन वाचेल, ही त्याची कल्पना. या कायद्यामागं पंजाबरावांची खटपट होती. बापानं जमीन गहाण टाकलेली ज्यानं पाहिली, त्यानं दुसऱ्यांच्या जमिनी सुटाव्यात म्हणून धडपड केली. ओझं ओळखणं म्हणतात ते हे.

आणि 1932 साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. अमरावतीचं शिवाजी महाविद्यालय 1946 चं, अकोल्याचं 1954 चं. ज्या वऱ्हाडात त्यांच्या मॅट्रिकच्या वेळी एकही कॉलेज नव्हतं, तिथं आज या संस्थेच्या शाळा-कॉलेजांत शिकलेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. आपल्या समाजातली कितीतरी मुलं-मुली, शिक्षक, डॉक्टर याच संस्थेच्या वर्गांतून पुढं गेले. आमच्या ओळखीतच असे पुष्कळ जण आहेत.

स्वातंत्र्यानंतर 1952 पासून सलग तीन वेळा ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले. 1952 ते 1962 ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. सुरुवातीच्या काळात अन्न व कृषी खात्याचे ज्येष्ठ मंत्री रफी अहमद किडवई होते आणि पंजाबराव कृषिमंत्री. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. 1959-60 ला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. 10 एप्रिल 1965 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. चार वर्षांनी, 1969 मध्ये, अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं.

जे पटत नाही तेही सांगू

मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना फक्त गोड गोड सांगायचं, हे आम्हाला शिक्षक म्हणून योग्य वाटत नाही. पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. 1949 च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा चालू असताना त्यांनी एक दुरुस्ती मांडली. जगात कुठंही राहणारा, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला हिंदू किंवा शीख भारताच्या नागरिकत्वाला हक्कदार असावा, असा तिचा आशय होता. म्हणजे धर्म पाहून नागरिकत्व. सभेनं ती स्वीकारली नाही. धर्मावर न तोलणारं नागरिकत्वच संविधानात आलं. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, हे खरं. तरी ही भूमिका आपल्याला पटणारी नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं.

त्याच सभेत मागास राहिलेल्या वर्गांना नोकऱ्यांत आणि राज्यकारभारात वाटा मिळावा म्हणूनही ते भांडत होते. संविधानातल्या कलम 340 नं मागास वर्गांसाठी आयोग नेमायची सोय झाली, 1953 साली कालेलकर आयोग आला, पुढं मंडल आयोग. आज मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा आपल्या बिरादऱ्यांच्या मुलांना ओबीसीचा दाखला मिळतो, तो याच लांबलचक लढ्याचा एक धागा. माणूस असा दोन्ही बाजूंनी वाचायचा असतो. एका गोष्टीत मतभेद आहे म्हणून त्याच्या आयुष्यातून शिकायचं नाही, असं ठरवलं तर नुकसान आपल्याच लेकरांचं.

आपल्या घरासाठी

आता त्या जून-जुलैच्या प्रश्नाकडं. काळ बदलला. आज अमरावती विद्यापीठ घराजवळ आहे आणि मध्येच विद्यापीठ बदलायचे नियमही पूर्वीपेक्षा सोपे होत आहेत. 2021 पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि दुसरं विद्यापीठ मान्य करत असेल तर ते तिथं धरता येतात. पण लक्षात ठेवा, मान्य करायचं की नाही हे नवं विद्यापीठ ठरवतं. दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, विषय जुळतात का, हे आधी लेखी विचारून घ्या. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीच्या पहिल्या वर्षासाठी 2022 पासून सीयूईटी परीक्षा आहे. अलिगड आणि जामिया काही अभ्यासक्रमांसाठी आपली वेगळी परीक्षाही घेतात. मार्कशीट, टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, ही कागदपत्रं आधीपासून तयार ठेवा. आणि नव्या ठिकाणचा प्रवेश पक्का होईपर्यंत जुन्या कॉलेजचं नाव काढू नका.

पहिल्या वेळी नाही जमलं तर पदवी इथंच चांगल्या मार्कांनी पूर्ण करा आणि एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला तिथं जा. पंजाबराव ऑक्सफर्डला असेच पोहोचले, एडिंबरोमार्गे. मोठ्या विद्यापीठाला एकच दरवाजा नसतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची. पंजाबराव परतल्यावर पहिलं काम त्यांनी वसतिगृहाचं केलं, हे विसरू नका. मुलगी बाहेर जायची म्हटलं की आपला अर्धा विरोध शिक्षणाला नसतो, राहण्याच्या काळजीला असतो. मग ती काळजीच सोडवू या. दोन-तीन घरांनी मिळून मुलींना एकत्र पाठवायचं, आधी शिकून आलेल्या मुलींचे नंबर घ्यायचे, अब्बांनी स्वतः जाऊन हॉस्टेल पाहून यायचं. नाही म्हणण्यापेक्षा यात थोडी जास्त मेहनत आहे, एवढंच.

आणि जे जातील त्यांच्याकडून समाजाची एकच अपेक्षा. कुठंही राहा, मोठे व्हा, पण मागून येणाऱ्या एका तरी मुलाचा फॉर्म भरून द्या, एका तरी मुलीला हॉस्टेलचा पत्ता सांगा. पापळचा तो मुलगा एकटाच गेला होता, पण परत आल्यावर त्यानं वऱ्हाडातल्या हजारो मुलांसाठी वाट करून ठेवली. अल्लाह आपल्या लेकरांना तशी हिंमत देवो आणि आपल्याला त्यांच्या पाठीशी उभं राहायचं बळ देवो. आमीन.